समाज कोसळतो तेव्हा आधी काय मोडतं? खानदेशापुरतं बोलू या

पांझराकाठ

खानदेश हा एकदा नव्हे, अनेकदा मोडून पुन्हा वसलेला मुलूख आहे. तरी समाज कोसळण्याचा विषय निघाला की आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर परदेशातलं एखादं शहर येतं. ओस रस्ते, फुटलेली दुकानं, बंदूक घेऊन एकटाच फिरणारा माणूस, आणि सगळं एका रात्रीत संपलेलं. मला हा विषय आपल्या मातीवर आणायचा आहे. इथे हे खरोखर घडून गेलंय आणि कसं घडलं त्याच्या नोंदीही आहेत.

१६३० साली पाऊस गेला आणि गुजरातपासून दख्खनपर्यंतचा सलग पट्टा दुष्काळात सापडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या साली सुरतेहून तापीखोऱ्यातून, नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला गेला. वाटेवरच्या गावांतली प्रेतं, उपाशी माणसं त्याने लिहून ठेवली आहेत. शाहजहान तेव्हा फौजफाट्यासह बऱ्हाणपुरातच होता. दख्खनची मोहीम चालू होती आणि छावणीला रोज धान्य लागत होतं. पुढे बादशहाने लंगर उघडले, दर सोमवारी ५,००० रुपये वाटायचा हुकूम काढला. पण रुपया वाटून काय होणार, बाजारात दाणाच नसेल तर?

दुसरी वेळ १८०२ ते १८०४. होळकरांच्या फौजा खानदेशातून फिरल्या, धान्य गेलं, गुरं गेली. त्यानंतर दुष्काळ पडला. लोक गुजरातेकडे निघून गेले, गावंच्या गावं ओस पडली. १८१८ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज इथे इंग्रजांचा अधिकारी म्हणून आला तेव्हा त्याच्या हाती आलेला मुलूख उजाड शेतांचा आणि बंद वाटांचा होता. इंग्रजी कागदपत्रं याचं खापर भिल्लांच्या माथी मारतात. पण भिल्ल नाईक पिढ्यान्‌पिढ्या घाट राखत होते, गावाची जागल करत होते आणि त्याचे हक्क घेत होते. राज्य खिळखिळं झालं तसे ते हक्क बुडाले. राखणदाराला द्यायचं गावाने बंद केलं, आणि मग वाट राखायला कोणी उरलं नाही.

माझं म्हणणं यातूनच येतं. दाणे संपतात तेव्हा माणसं मरतात, हाल होतात. समाज मात्र मोडतो तो उरलेलं वाटून द्यायला सगळ्यांनी मानलेला माणूस राहत नाही तेव्हा.

आमच्या पांझरा नदीवर फड पद्धत होती, ती ज्यांनी पाहिली त्यांना हे लगेच कळेल. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या आणि खाली फड, म्हणजे भिजणाऱ्या शेतजमिनीचे मोठे भाग. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस कोणत्या फडात, गहू कोणत्या, यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा, हे गावकऱ्यांनी बसून ठरवायचं. खुबी अशी की एकेका शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असायची. पाणी कमी पडलं आणि एक फड सोडून द्यावा लागला तर नुकसान कोण्या एकाचं व्हायचं नाही, सगळ्यांचं थोडं थोडं व्हायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. शेतमालकाने पाटात हात घालायचा नाही. मोठ्यातल्या मोठ्या जमीनदारालाही पाटकऱ्याच्या पाळीसाठी थांबावं लागे. ही व्यवस्था तीन-चारशे वर्षं टिकली. मधल्या काळात राज्यं आली-गेली, १८०४ आलं, १८९९चा छप्पनचा दुष्काळ आला, आणि फड पुन्हा पुन्हा उभे राहिले. ती विरली ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत. वर धरणं झाली, खाली विहिरी आणि बोअर झाल्या, आणि बंधाऱ्याच्या पाण्यावाचून कोणाचं अडेना.

तेव्हा प्रश्न असा की आज आपल्याकडे असं काही मोडायचं असेल तर ते कुठून सुरू होईल? सिनेमातलं नको. तुमच्या गावातलं, तुमच्या कामातलं सांगा.

भुसावळ_यार्ड

धागा महत्त्वाचा आहे. मी वीज क्षेत्रातला, म्हणून तेवढंच बोलतो.

३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेचं ग्रिड, म्हणजे वीजवहनाचं जाळं, पडलं. जेमतेम उभं केलं, तर ३१ तारखेला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग एकदम गेले. साठ कोटींहून जास्त लोक अंधारात. आपल्याला ते फारसं आठवत नाही, कारण आपल्याकडे दिवे चालू होते. बिना–ग्वाल्हेर ही वाहिनी ट्रिप झाली आणि पश्चिम विभाग उत्तरेपासून तुटून वेगळा झाला, म्हणून वाचला. मध्य प्रदेश ओलांडून वर गेलं की देश काळोखात, आणि आपण पंख्याखाली. इतकं जवळून गेलं ते.

तेव्हा दक्षिणेचं ग्रिडही वेगळं होतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ग्रिड झालं, एकाच तालावर, ५० हर्ट्झवर चालणारं. याचा फायदा मोठा आहे. एकीकडे कमी पडलं तर दुसरीकडून येतं. पण डळमळलं तर तेही सगळ्यांपर्यंत पोहोचतं. २०१२ नंतर यंत्रणा पुष्कळ सुधारल्या आहेत, संरक्षणाच्या पायऱ्या वाढल्या आहेत, हे मी जबाबदारीने सांगतो.

लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. दीपनगरसारखं औष्णिक केंद्र पूर्ण बंद पडलं की ते सुरू करायलाच वीज लागते. कोळसा दळायच्या चक्क्या, बॉयलरचे पंप, पंखे, सगळं विजेवर. म्हणून अंधारातून सुरुवात करायची ती जलविद्युत केंद्रांनी, मग तिथून एकेक वाहिनी जिवंत करत औष्णिक केंद्रांपर्यंत पोहोचायचं. काही तासांचं काम आहे, पण वाटेतली उपकरणं धड असतील तर. १९८९ च्या मार्चमध्ये सौर वादळाने कॅनडातला क्युबेक प्रांत नऊ तास अंधारात गेला होता. तसलं काही मोठं झालं आणि मोठे ट्रान्सफॉर्मर जळाले, तर ते दुकानात मिळत नाहीत. बनवून यायला महिनोन्‌महिने जातात.

त्या महिन्यांत काय होईल याचा विचार मी करतो तेव्हा अंधाराची भीती वाटत नाही, पाण्याची वाटते. शहराचं पाणी धरणातून पंपाने चढतं. आणि पैशांची वाटते. सगळा व्यवहार फोनवर. बॅटरी संपली की खिशात काही नाही.

केळीबाग_रावेर

यार्ड भाऊ, आमच्याकडे वीज महिनाभर गेली तर बाग उभी जळेल. मे महिन्यात तीन दिवस पाणी नाही मिळालं तरी घड सटकतात. पण मला त्याआधीची एक गोष्ट मांडायची आहे.

रावेर, यावल, मुक्ताईनगर, सावद्याकडचा पट्टा बघा. नजर जाईल तिथवर केळी, आणि तीही बहुतेक ग्रँड नैन, टिश्यू कल्चरची. म्हणजे झाड वेगळं, शेत वेगळं, पण रक्त एकच. एका झाडाला जो रोग मारू शकतो तो सगळ्यांना मारू शकतो. जगात हे एकदा झालंय. १९५० च्या दशकापर्यंत जगाच्या बाजारात ग्रोस मिशेल ही जात चालायची. पनामा रोगाने, म्हणजे जमिनीतल्या मर रोगाच्या बुरशीने, तिच्या बागाच्या बागा नेल्या. मग कॅव्हेंडिश गटातल्या जाती आल्या, आपल्या बसराई आणि ग्रँड नैन त्यातल्याच. आता त्या बुरशीची टीआर-४ ही जात कॅव्हेंडिशलाच मारते, आणि ती बिहार-उत्तर प्रदेशात सापडलेली आहे. एकदा जमिनीत बसली की वर्षानुवर्षं निघत नाही. ट्रकच्या चाकाला, कुदळीला, बुटाला लागलेल्या मातीतून ती येऊ शकते. सीएमव्ही हा विषाणूजन्य मोझॅक रोग तर आमच्याकडे येऊनच गेला. कोवळ्या बागा उपटून फेकल्या लोकांनी.

आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्यावर करपा आला, सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. तिथे गरिबाच्या पोटाला एकच पीक आणि त्यातही मुख्यतः एकच जात होती. आपल्याकडे केळी हे पोट भरायचं पीक नाही, पैशांचं आहे, हा फरक मला मान्य. पण केळीवर सोसायटीचं कर्ज आहे, पोरांचं शिक्षण आहे, मजुरांची वर्षभराची कामं आहेत, भाड्याने चालणाऱ्या गाड्या आहेत. बाग गेली की हे सगळं हलतं.

आणि खाली पाणी. आमच्या रावेर-यावलची गणना भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत झालेली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जो पट्टा आहे, तिथे पाणी भरभर मुरायचं. वडिलांच्या काळात विहिरींना पायऱ्या होत्या, उतरून पाणी पिता यायचं. आता शेजाऱ्याने बोअर खोल नेली की आपली आटते, मग आपण त्याच्याहून खोल जायचं. तापी पुनर्भरणाच्या मोठ्या योजनेवर मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचा करार झाला, ती होईल तेव्हा होईल. पांझराकाठ दादांनी पाटकऱ्याचं लिहिलं ते वाचून थांबलोच. आमच्या शिवारात शेकडो बोअर आहेत आणि पाटकरी एकही नाही.

शिरपूरकर

अणुयुद्ध, उल्का, ज्वालामुखी यांचं कोणी काही लिहिणार का?

पांझराकाठ

शिरपूरकर, नाकारत नाही. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा फुटला आणि १८१६ साली युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिकं गेली. अणुयुद्धानंतर आकाशात गेलेल्या काजळीने असंच आणि याहून वाईट होईल असं शास्त्रज्ञ सांगतात. पण त्यावर खानदेशाने करायचं असं फारसं काही नाही. दाण्याचा साठा आणि बी सोडून.

नव्या_वाटा

सगळ्यांचं वाचलं. मन लावून लिहिलंय, पण मला थोडं विरुद्ध बाजूने बोलायचं आहे.

सरकार कोसळणं आणि समाज कोसळणं यात आपण गल्लत करतोय. श्रीलंका पाहा. २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकदम बंदी, भात आणि चहा घसरला, २०२२ च्या एप्रिलमध्ये परकीय कर्जाचे हप्ते थांबवले, जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले. पेट्रोलसाठी दिवस दिवस रांगा, औषधं नाहीत. एवढं सगळं होऊनही गल्लीगल्लीत सामूहिक स्वयंपाकघरं चालली. समाज उभा राहिला.

पुस्तकी उदाहरणंही तपासून घ्यायला हवीत. ईस्टर बेटावरच्या लोकांनी झाडं तोडली आणि स्वतःचा नाश करून घेतला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. २०२४ मध्ये तिथल्या जुन्या अवशेषांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकात लोकसंख्या एकदम कोसळल्याची खूण त्यात मिळाली नाही. ते लोक टिकून होते. त्यांचा खरा घात केला तो एकोणिसाव्या शतकातल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी आणि बाहेरून आलेल्या रोगांनी.

आपत्तीचा समाजशास्त्रीय अभ्यास करणारे क्वारांटेली यांनी उभी हयात हेच सांगण्यात घालवली की संकटात माणसं सैरावैरा होऊन एकमेकांना तुडवतात हे चित्र बहुतेक वेळा खोटं असतं. शेजारीच शेजाऱ्याला काढतो. २०२० च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून चालत निघालेली माणसं आठवा. धुळ्यापासून सेंधव्याच्या सीमेपर्यंत लोकांनी खिचडी, पाणी, चपला वाटल्या. कोणी कोणाची जात विचारली नाही.

साक्री_माळमाथा

नव्या वाटा, तुमचं वाचून बरं वाटलं. पण मी साक्री तालुक्यातला आहे, मला दुसरी बाजूही सांगावीच लागेल.

१ जुलै २०१८. राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर कित्येक दिवस फिरत होत्या. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षुकीवर पोट असलेले, गावात आले. जमावाने त्यांना ठेचून मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. वीज होती, दाणा होता, दुष्काळ नव्हता, सरकार जागेवर होतं. त्या दुपारी तिथे समाज नव्हता, एवढंच.

मला त्यातली एक गोष्ट सतत टोचते. भटका माणूस गावात आला की पूर्वी तो पाटलाकडे किंवा कोतवालाकडे जाऊन सांगायचा, आम्ही अमुक गावचे, अमुक देवाचे. गावही त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखायचं. ती ओळख तुटली आणि तिच्या जागी फोनवरचा व्हिडिओ आला. पांझराकाठ दादा म्हणतात तसा वाटून देणारा माणूस लागतो, पण त्याच्याही आधी लागतो तो ओळख देणारा माणूस. "थांबा, यांना मी ओळखतो," एवढं कोणी म्हणणारा हवा, आणि त्याचं ऐकलं जायला हवं.

आता याच तालुक्यातलं बारीपाडा घ्या. तिथेही आदिवासी वस्ती, तिथेही गरिबी. नव्वदच्या दशकात जंगल उघडं पडलं होतं, बायका पाण्यासाठी लांब जायच्या. चैत्राम पवार आणि गावाने मिळून कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवले, राखण लावली. जंगल परत आलं, विहिरींना पाणी आलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. एकाच तालुक्यात दोन्ही घडतं. म्हणून "आपले लोक चांगले" किंवा "आपले लोक बिघडले" असं मला सरसकट म्हणता येत नाही.

धडगावची_ताई

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

तुम्ही सगळे कोसळेल, कोसळेल म्हणताय. आमच्याकडे ते होऊन गेलं. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं गेली किंवा जायला लागली. मणिबेली पहिली. घर गेलं, शेत गेलं, हे कागदावर मोजता येतं आणि त्याची भरपाईही मागता येते. पण आमच्यात लाह असते. एकाच्या शेतात काम निघालं की सगळे जमतात, तो जेवू घालतो, उद्या दुसऱ्याच्या शेतात. घर बांधायचं तर लाह. लग्नात धान्य, बोकड सगळीकडून येतो. एक पाडा उचलून अर्धा एका वसाहतीत आणि अर्धा दुसरीकडे नेला की लाह कोणाबरोबर करायची? नदीतले मासे नाहीत, डोंगरातला महू नाही, दवा द्यायचा झाडपाला नाही. लोक जिवंत आहेत. नकाशावरही आहेत.

देशाला तेव्हा काही कोसळल्यासारखं वाटलं नाही. वीज आणि पाणी पुढे गेलं ना. कोणाचा समाज मोडला म्हणजे मोडला असं मोजायचं, हे आधी ठरवा, एवढंच मला म्हणायचं आहे.

दुसरी बाजूही सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं ऑक्सिजनसाठी धावत होती तेव्हा नंदुरबारमध्ये ऑक्सिजनचे प्रकल्प आधीच उभे होते. तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड, स्वतः भिल्ल समाजातले आणि डॉक्टर. पहिली लाट ओसरल्यावर सगळे निवांत झाले तेव्हा त्यांनी दुसरीची तयारी केली. आमच्या मागास म्हणवणाऱ्या जिल्ह्याने.

निवृत्त_गुरुजी_चोपडा

खरं शे ताई. तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचावा.

मी १९७२ पाहिलं आहे. पाऊस सलग हुकला होता, विहिरी तळाला. खडी फोडायच्या कामावर अख्खं गाव जायचं. पाटलाची सूनही जायची आणि तिच्या बाजूला सालदाराची बायको. मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकरी, पोरांना सुकडी. लोकांनी पोटाला चिमटे घेतले, गुरं मेली, पुष्कळ जण कायमचे सुरत-मुंबईला गेले. पण १९४३ मध्ये बंगालमध्ये जसे सुमारे तीस लाख लोक मेले तसं इथे झालं नाही. बंगालमध्ये काही ठिकाणी धान्य होतं आणि माणसाकडे घ्यायला दाम नव्हता. इथे धान्य कमी होतं, पण काम काढलं, मजुरी हातात पडली, रेशनचं दुकान चाललं. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. मागणाऱ्याला काम द्यायचं बंधन सरकारवर आलं ते लोकांनी मोर्चे काढून, भांडून. सरकारने आपण होऊन दिलं नाही.

तेव्हा घराघरांत दादरीची कणगी होती, गावात पेवं, म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठारं, होती. दादर ज्वारी पेवात दोन-तीन वर्षं राहायची. पहिलं वर्ष लोकांनी त्यावर काढलं. आज कापूस आणि केळी पिकवणारा शेतकरी स्वतः पोत्याने गहू विकत घेतो. पुढच्या दुष्काळात सरकार मदत करील, पण मदत पोहोचेपर्यंतचे दोन महिने कशावर काढायचे? पूर्वी ते दोन महिने पेवात असायचे.

भुसावळ_यार्ड

गुरुजी, आमच्या भाषेत यालाच राखीव क्षमता म्हणतात. ती वर्षभर नुसती पडून असते, म्हणून हिशेबनीस तिलाच आधी कात्री लावतो.

नव्या_वाटा

ताईंचा मुद्दा मान्य. मी "समाज टिकला" म्हणालो तेव्हा बहुतेकांचा समाज मोजला. श्रीलंकेतही चहाच्या मळ्यांतल्या तमिळ मजुरांना कोणी विचारलं तर ते वेगळं सांगतील.

पांझराकाठ

साक्री भाऊंनी सांगितलेला ओळख देणारा माणूस माझ्या डोक्यात नव्हता. फडात तो होता, पण वेगळा दिसायचा नाही. पाटकऱ्याला पाण्याच्या पाळ्या पाठ असायच्या, आणि माणसंही पाठ असायची. कोणाकडे यंदा मयत झालंय, कोणाची पाळी पुढे ढकलली तर चालेल, कोण खोटं बोलतो. कागदावरच्या पाणीवाटप संस्थेत हे येत नाही, म्हणून त्यातल्या कितीतरी नुसत्या नोंदणीपुरत्या उरल्या.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. फडातही सगळे नव्हते. ज्याच्या नावावर जमीन त्याचाच हिस्सा. जागल्या राखण करायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा, पण बैठकीत त्याचा आवाज कितीसा असेल? १८०४ मध्ये गाव मोडलं तेही तिथूनच, हे मी वर लिहिलं आणि मग फडाचं कौतुक करताना पुढे निघून गेलो. राखणाऱ्याचा हिस्सा बुडवून कोणतीही वाटणी टिकत नाही. केळीबाग भाऊंच्या पट्ट्यात आज पावरा आणि बारेला आदिवासी मजूर बागा राखतात. उद्या पाण्याची वाटणी ठरवायला लोक बसले तर ते बैठकीत असणार का?

केळीबाग_रावेर

आजवर तरी नसतात. घड कापायला, राखायला, रात्री पाणी धरायला तेच असतात. कोणत्या बोअरला किती वाजता पाणी तुटतं हे मालकापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक.

मी एक सुरू करतो. आमच्या शिवारातल्या बोअर कोणाच्या, किती खोल, मार्चमध्ये किती तास चालतात, हे लिहून काढायचं, आणि ते मालकांना न विचारता रात्री पाणी धरणाऱ्यांना विचारून. पहिल्यांदा लोक आकडे लपवतील, कारण खरी खोली सांगितली की शेजारी त्याहून खोल जाईल अशी भीती असते. कोणाच्या गावात असा हिशेब झाला असेल तर तो भिंतीवर उघडा लावला की वहीतच ठेवला, आणि खोटे आकडे कसे पकडले, ते इथे लिहा. बारीपाड्याकडच्या कोणी दंडाचे नियम सुरुवातीला कसे मान्य करून घेतले ते सांगितलं तर फार उपयोग होईल.